वेबसाइटच्या कोडमध्ये स्ट्रिंग कशा हाताळता? कोट्स, जोडाजोडी आणि मराठी मजकूर

रानवारा
नमस्कार मंडळी. सार्वजनिक वाचनालयांसाठी आम्ही काही जण मिळून एक वेबसाइट बांधतोय. सभासद नोंदणी, पुस्तकांचा शोध, पुस्तक परत करायची आठवण देणारा एसएमएस, असं सगळं. मागे सर्व्हरवर पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे ब्राउझरमध्ये साधी जावास्क्रिप्ट. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

सध्या कोड रिव्ह्यूत (एकमेकांचा कोड तपासताना) स्ट्रिंगवरून, म्हणजे कोडमधल्या मजकुराच्या तुकड्यांवरून, रोज खडाजंगी होतेय. एकाचं म्हणणं, सगळीकडे सिंगल कोटच हवेत कारण ते वेगवान असतात. दुसऱ्याला डबल कोटात थेट व्हेरिएबल (बदलत्या मूल्याचं नाव) घालायला आवडतं. तिसरा प्रत्येक ठिकाणी स्प्रिंटएफ (साच्यातल्या रिकाम्या जागा भरणारं फंक्शन) वापरतो. जावास्क्रिप्टमध्येही तेच, तुकडे अधिकच्या चिन्हाने जोडायचे की बॅकटिकमध्ये, म्हणजे उलट्या तिरप्या कोटात, व्हेरिएबल घालायचं.

माझं मत असं की ओळ वाचताना वाक्य डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. पीएचपीत तुकडे टिंबाने जोडतात, तशी टिंब, कोट, टिंब, कोट अशी माळ लागली की आत एखादी स्पेस राहून गेलेली कळतच नाही. पण मत वेगळं आणि टीमचा लेखी नियम वेगळा. तुमच्याकडे काय नियम आहेत? कारणासकट सांगा, म्हणजे बाकीच्यांना पटवता येईल.

सेमीकोलन
कोट्सचा वाद माणसांनी घालूच नये. पीएचपी-सीएस-फिक्सर आणि प्रेटियर ही कोड एकसारखा करणारी साधनं बसवा, एक पर्याय निवडा, कमिटच्या (कोड जमा करायच्या) वेळी आपोआप बदलू द्या. विषय संपला.

वेगाचं म्हणाल तर डबल कोटातली स्ट्रिंग कंपाइल होताना एकदाच फोडली जाते, आणि ऑपकॅश (कंपाइल झालेला कोड जपून ठेवणारी सोय) चालू असेल तर तेही दर विनंतीला होत नाही. एका डेटाबेस क्वेरीला जितका वेळ लागतो त्यापुढे हा फरक मोजण्यासारखा नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून बॅकटिक आहेत, व्हेरिएबल घालायचं असेल तर तेच वापरा.

रिव्ह्यूत बघायचं ते वेगळंच: ही स्ट्रिंग आली कुठून आणि चालली कुठे?

घाटमाथा
सेमीकोलन यांच्या शेवटच्या ओळीला दहा वेळा अनुमोदन.

रानवारा, तुमच्या यादीत वसई, पालघर किंवा गोव्यातली वाचनालयं येणार असतील तर पहिल्याच दिवशी डि'सूझा, डि'मेलो, डि'कोस्टा आडनावाचे सभासद येतील. क्वेरी जोडाजोडीने बनवली असेल तर त्या एका सिंगल कोटावर ती तुटते. तुटली तर नशीब समजा, कारण तेच दार चोरालाही उघडं असतं. म्हणून नियम क्रमांक एक: एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) मूल्य कधीही चिकटवायचं नाही, प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच, म्हणजे क्वेरीपासून वेगळं, द्यायचं. पीएचपीतलं पीडीओ त्यासाठीच आहे.

बॅकटिकबद्दल एक इशारा. वाचायला सुंदर दिसतं म्हणून लोक त्यात अख्खं एचटीएमएल लिहितात, मधे सभासदाचं नाव घालतात आणि इनरएचटीएमएलला देतात, जे त्या मजकुराला पानाचा कोड मानतं. दिसायला नवीन, पण आहे ती जुनीच जोडाजोडी. २००५ साली मायस्पेस या सोशल साइटवर सॅमी नावाचा वर्म (आपोआप पसरणारा कोड) पसरला तो असाच, प्रोफाइलमध्ये टाकलेला मजकूर दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये कोड म्हणून चालला. एका दिवसाच्या आत दहा लाखांवर प्रोफाइल. नुसता मजकूर दाखवायचा असेल तर टेक्स्टकंटेंट वापरा.

चकली
आम्ही फॉर्ममधून आलेलं सगळं आत शिरतानाच एचटीएमएलस्पेशलचार्समधून (कोटासारख्या चिन्हांना एचटीएमएलसाठी निरुपद्रवी रूप देणाऱ्या फंक्शनमधून) काढतो आणि मग डेटाबेसात ठेवतो. दारातच साफसफाई झाली की आत कुठेही विसरलं तरी चालतं. हा नियम सोपा नाही का?

घाटमाथा
@चकली, सोपा आहे, पण पुढे फार महाग पडतो. तुम्ही डेटाबेसात डि'सूझा ठेवला नाहीत, त्या आडनावाचं एचटीएमएल रूप ठेवलंत. वेबपानावर ते बरोबर दिसेल. तेच नाव एसएमएसमध्ये जाईल, ओळखपत्राच्या पीडीएफवर छापलं जाईल, एक्सेलमध्ये उतरेल, तिथे सिंगल कोटाच्या जागी अँपरसँड, हॅश, शून्य तीन नऊ, अर्धविराम असं लटांबर दिसेल. मग कोणीतरी छापताना दुसऱ्यांदा एस्केप करतं, म्हणजे तेच रूपांतर पुन्हा करतं, आणि अँपरसँडचाही अँपरसँड होतो.

पीएचपीने हा प्रयोग भाषेच्या पातळीवर करून पाहिला होता. मॅजिक कोट्स म्हणत त्याला. आलेल्या प्रत्येक कोटाआधी आपोआप उलटी तिरपी रेघ. त्या काळच्या मराठी साइट्सवर अवतरणचिन्हं असलेला लेख दोनदा संपादित केला की रेघांची रांग लागायची. ५.३ मध्ये ते कालबाह्य ठरवलं आणि २०१२ च्या ५.४ मध्ये काढूनच टाकलं.

आत शिरताना तपासा (यूटीएफ-८, म्हणजे चिन्हांचं बाइट-रूप, नीट आहे का, लांबी बसते का), पण मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा. एस्केप बाहेर पडताना, आणि जिथे चाललाय त्या जागेप्रमाणे. एचटीएमएलसाठी एक पद्धत, यूआरएलसाठी दुसरी, जावास्क्रिप्टमध्ये घालायला जेसन हे डेटाचं रूप. आणि पीएचपी ८.१ च्या आधीची आवृत्ती असेल तर एचटीएमएलस्पेशलचार्सला ईएनटी_कोट्स हा पर्याय सांगावाच लागतो, नाहीतर सिंगल कोट तसाच सुटतो. ८.१ पासून तो आपणहून धरला जातो.

चकली
ओळखपत्राचं उदाहरण पटलं. आमच्याकडे नेमकी हीच तक्रार येते आणि छपाईच्या कोडमध्ये उलटं रूपांतर करून वेळ मारून नेतात. उद्याच टीमसमोर ठेवते.

जुनाजाणता
धागा चांगला चाललाय. मी मराठी मजकुराकडे वळवतो, कारण स्ट्रिंगचे बहुतेक नियम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून शिकवले जातात आणि आपल्याकडे आले की कोसळतात.

‘स्त्री’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला एक अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या जागतिक संकेतावलीत, ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे १८ बाइट. आता पीएचपीला लांबी विचारा. स्ट्रलेन सांगेल १८. एमबी_स्ट्रलेन सांगेल ६. ग्राफीम_स्ट्रलेन (ग्राफीम म्हणजे डोळ्याला दिसणारं एक अक्षर) जुन्या आयसीयू लायब्ररीवर ३ सांगेल आणि नव्यावर १, कारण जोडाक्षर न फोडण्याचा नियम २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला. जावास्क्रिप्टची लेंग्थ ६ सांगते. चारही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती कुठली लांबी हवी हे न ठरवता पहिलं हाताला लागलेलं फंक्शन वापरण्यात.

डेटाबेसच्या कॉलमची मर्यादा चिन्हांत असते. फाइल किंवा हेडरचं माप बाइटमध्ये. वाचकाला ‘आणखी इतकी अक्षरं लिहा’ सांगायचं असेल तर ग्राफीम. आणि पासवर्ड! पासवर्ड गुप्त रूपात ठेवणारी बीक्रिप्ट पद्धत ७२ बाइटच्या पुढचं बघतच नाही. देवनागरीत लिहिलेला पासवर्ड २४ चिन्हांवर संपतो, पुढे काहीही लिहा, दार उघडतं.

आता तोडण्याविषयी. पुस्तकाच्या परिचयाची पहिली शंभर ‘अक्षरं’ दाखवायला सबस्ट्र वापरलं की ते बाइट मोजतं. ३ ने शंभरला भाग जात नाही, म्हणजे शेवटचं चिन्ह बहुधा मधोमध चिरलं जातं. पानावर शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं, ते तरी दिसतं. पण हीच स्ट्रिंग जेसन_एन्कोडला दिली तर ते सरळ फॉल्स परत करतं आणि समोर काहीच येत नाही. अख्खी यादी रिकामी, एका चिरलेल्या अक्षरापायी. एमबी_सबस्ट्रने बाइट वाचतात, पण ‘स्त्री’चा ‘स्’ होऊ शकतोच. म्हणून ग्राफीम_सबस्ट्र, किंवा त्याहून बरं म्हणजे शब्दाच्या सीमेवर तोडा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी इंटल.सेगमेंटर आहे. आणि नुसतं दिसण्यापुरतं कापायचं असेल तर स्ट्रिंगला हात लावूच नका, सीएसएसला, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडला, करू द्या.

माळरान
स्ट्रलेनने १८ सांगितलं, कोणी १, आणि सगळे बरोबर! आमच्या गावच्या ग्रामसभेची हजेरी आठवली.

पायवाट
जुनाजाणता यांच्या मुद्द्याला जोडून, सगळ्यात वाईट स्ट्रिंग-सफाई मी पाहिली ती अशी.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या साइटवर कोणीतरी ‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ असं एक फंक्शन लावलं होतं. हेतू चांगला, वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात नको ती चिन्हं येतात. पण त्या यादीत झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्हही होतं, युनिकोड क्रमांक यू+२००डी. आता मराठीतला अर्धा, पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि मग हा जॉइनर. दुसऱ्या प्रकारात जॉइनर काढला की र उडी मारून पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो. ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’ या लेखमालेचं झालं ‘सह्याद्रीतल्या दर्या’. अर्ध्या लेखांत दऱ्या आणि अर्ध्यांत समुद्र, लेखकाच्या कीबोर्डप्रमाणे. लेखक मंडळी शुद्धलेखनावरून एकमेकांना बोलत होती आणि दोष कोणाचाच नव्हता.

तेव्हा यादीवर एक नियम घाला: जॉइनर आणि नॉनजॉइनर हा मराठी मजकुराचा भाग आहे, कचरा नव्हे. स्पेस छाटायची तर नेमकी स्पेसच छाटा. न तुटणारी स्पेस साध्या ट्रिमने जात नाही, त्यासाठी पीएचपी ८.४ मध्ये एमबी_ट्रिम आलंय.

सेमीकोलन
दऱ्या आणि दर्या... हे मी आमच्या टेस्टमध्ये घालणार. उत्तम केस आहे.

रेग्युलर एक्स्प्रेशनचंही (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्राचंही) सांगून टाकतो. ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ म्हणून ‘शब्दातलं चिन्ह’ अशा अर्थाचं बॅकस्लॅश डब्ल्यू लिहितात. जावास्क्रिप्टमध्ये त्यात देवनागरी बसतच नाही. मग कोणी सुधारून युनिकोडचा ‘अक्षर’ वर्ग, पी-एल, घेतो. तरी ‘सायली’ नापास! कारण काना, वेलांटी, हलन्त हे अक्षर वर्गात नाहीत, ते ‘चिन्ह’ वर्गात, म्हणजे पी-एममध्ये येतात. दोन्ही घ्या, वर जॉइनर, स्पेस, टिंब आणि सिंगल कोट घ्या. खरं सांगायचं तर नावाची अशी तपासणी करूच नका. रिकामं नाही आणि फार लांब नाही, एवढं पुरतं. माणसाला त्याचं नाव चुकीचं आहे असं सांगणारा फॉर्म मला सहन होत नाही.

मोगरा
मी कोडिंग कमी करते, मजकुराचं मराठीकरण जास्त. त्यामुळे मूळ प्रश्नाकडे, जोडाजोडीकडे, माझ्या बाजूने बघते.

रानवाराताई, तुमचा आठवणीचा मेसेज घ्या. कोडमध्ये बहुधा असं असेल: संख्या, मग ‘पुस्तक’, मग एकाहून जास्त असेल तर मात्रा जोडा, मग ‘परत करायचे आहे’. इंग्रजीत शेवटी एस लावून भागतं. मराठीत ‘१ पुस्तक परत करायचे आहे’ आणि ‘३ पुस्तके परत करायची आहेत’, अख्खं वाक्य बदललं. पुस्तकाच्या जागी ‘अंक’ आला तर ‘परत करायचा आहे’, ‘कादंबरी’ आली तर ‘करायची आहे’. तुकडे जोडून हे कधीच नीट होणार नाही.

गावाचंही तसंच. व्हेरिएबलला ‘मध्ये’ चिकटवलं की ‘पुणेमध्ये’, ‘साताराच्या शाखेत’, ‘ठाणेहून’ असं मराठी तयार होतं, आणि वाचनालयाच्या साइटवर ते वाचवत नाही हो. अशा वेळी वाक्यच वळवायचं: ‘शाखा: सातारा’. नाव आहे त्या रूपात राहतं आणि व्याकरणही बिघडत नाही.

म्हणून माझा एकच आग्रह आहे: वाक्य पूर्ण लिहा. एका जागी, फाइलमध्ये, नाव असलेल्या रिकाम्या जागांसह. स्प्रिंटएफमधलं ‘टक्का एस, टक्का एस’ नको, ‘सभासद’, ‘पुस्तक’, ‘तारीख’ अशी नावं हवीत. भाषांतर करणाऱ्याला क्रम बदलता आला पाहिजे. एकवचन-अनेकवचनासाठी दोन वेगळी पूर्ण वाक्यं, आणि निवड मेसेजफॉरमॅटरकडे. पीएचपीच्या इंटल एक्स्टेंशनमध्ये तो आहे, जावास्क्रिप्टमध्ये इंटल.प्लुरलरूल्स.

सेमीकोलन
इथे थोडा विरोध. लहान साइटचं प्रत्येक बटण, प्रत्येक शीर्षक वेगळ्या फाइलमध्ये नेलं की कोड वाचताना दर ओळीला दुसरीकडे जावं लागतं. रानवारा यांनाच ओळीत वाक्य दिसायला हवंय. एका भाषेची साइट असेल तर हे ओझं कशाला?

मोगरा
एका भाषेची असती तर मीही इतकं ताणलं नसतं. इथे पहिल्या दिवसापासून दोन आहेत. आणि फाइलमधली किल्ली नीट ठेवली, ‘आठवण.पुस्तक_परत’ अशी, तर ओळ वाचता येते. ‘एमएसजी_१७’ अशी ठेवली तर नाही. एसएमएसला तर पर्यायच नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार मेसेजचा साचा आधी नोंदवावा लागतो, त्यात बदलत्या जागा ठरलेल्या असतात. तुकडे जोडून वेगळंच वाक्य तयार झालं तर मेसेज पोहोचतच नाही.

सेमीकोलन
एसएमएसचा मुद्दा मान्य. दोन भाषा असतील तर फाइल, एक असेल तर मजकूर ओळीत, असं म्हणतो.

जुनाजाणता
एसएमएस निघालाच आहे तर: इंग्रजी मेसेजला १६० चिन्हं मिळतात, पण त्यात एक जरी देवनागरी चिन्ह आलं तरी सगळा मेसेज ७० च्या हिशेबात जातो. त्याहून लांब झाला तर तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला ६७. पुस्तकाचं नाव लांबलचक असेल तर बिल दुप्पट. इथे चिन्हं मोजायची, ग्राफीम नव्हे.

माळरान
थोडं अवांतर. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग देऊ नका हो, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. आणि एचटीएमएलमध्ये भाषा ‘एमआर’ लिहाच. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श त्यामुळेच मिळतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

चकली
अवांतर नाही, उपयोगीच आहे. आमच्याकडे वाचक हमखास विचारतात ल असा का दिसतो म्हणून.

सभासद क्रमांकाच्या रकान्यात लोक देवनागरी आकडे टाकतात तेव्हा काय करता? पीएचपीत इंटमध्ये (पूर्णांकात) बदललं की ‘१२’चं शून्य होतं.

घाटमाथा
@चकली, तपासणीच्या आधी दहा आकडे बदलून घ्या, चिन्हं बदलणाऱ्या एसटीआरटीआर फंक्शनची एक ओळ आहे. जावास्क्रिप्टमध्ये नंबर करायला गेलात तर ‘नॉट अ नंबर’ मिळतं. पायथन मात्र ‘१२’ला सरळ बारा मानतो. देवनागरीत लिहिणाऱ्याला ‘अवैध क्रमांक’ म्हणणं बरोबर नाही, त्याने बरोबरच लिहिलंय.

रानवारा
मंडळी, विचारलं कोट्सबद्दल आणि मिळालं कितीतरी जास्त. काल बसून आम्ही नियम लिहून काढले. कोट्स फिक्सरकडे सोपवले, त्यावर आता रिव्ह्यूत कोणी बोलायचं नाही. एसक्यूएलमध्ये जोडाजोडी पूर्ण बंद. डेटाबेसात मूळ मजकूर, एस्केप फक्त टेम्प्लेटमध्ये. स्ट्रलेन आणि सबस्ट्र कोडमध्ये दिसले की कारण लिहायचं, बाइटच का हवे आहेत ते. वाचकाला दिसणारी वाक्यं फाइलमध्ये आणि पूर्ण. लॉग आणि आतल्या किल्ल्यांसाठी बॅकटिक किंवा डबल कोट, जे सुटसुटीत दिसेल ते. डि'सूझा, स्त्री आणि दऱ्या, तिन्ही टेस्टमध्ये गेले.

एक अडलंय. शोधात ‘ॲनिमल’ टाकलं तर काही पुस्तकं येतात, काही येतच नाहीत. युनिकोड नॉर्मलायझेशन (समतुल्य लेखनं एकरूप करणं) लावलं, त्यातला एनएफसी हा प्रकार, तरी तेच.

पायवाट
@रानवारा, ॲ दोन प्रकारे लिहिला जातो. एक स्वतंत्र चिन्ह, यू+०९७२, ते युनिकोड ५.१ मध्ये २००८ साली आलं. त्याआधीची आणि काही कीबोर्डवरची पद्धत म्हणजे अ आणि वर चंद्राची मात्रा, दोन चिन्हं. डोळ्याला एकच दिसतं, पण युनिकोडच्या लेखी ती समतुल्य नाहीत, म्हणून एनएफसी त्यांना हात लावत नाही. तुम्हालाच बदलावं लागेल. ऑचंही बघा, कोणी अ आणि ॉ असा लिहितं.

मूळ शीर्षक आहे तसं ठेवा. शेजारी ‘शोधरूप’ असा वेगळा कॉलम करा: एनएफसी, मग ॲ आणि ऑ एकरूप, र-हलन्त-जॉइनरचं ऱ-हलन्त, मग उरलेले जॉइनर काढून. शोधणाऱ्याने टाकलेल्या शब्दावरही हेच फंक्शन चालवा. जॉइनर काढायची जागा ही, दाखवायच्या मजकुरात नाही.

जुनाजाणता
क्रमवारीतही तोच ॲ त्रास देतो. नुसत्या युनिकोड क्रमाने लावलं तर यू+०९७२ हे ‘ह’च्याही पुढे जातं, म्हणजे ‘ॲ’ने सुरू होणारी सगळी पुस्तकं यादीच्या तळाशी. आणि ळ येतो लच्या लगेच पुढे, जो आपल्या वर्णमालेत हनंतर आहे. पानावर लावायचं असेल तर जावास्क्रिप्टच्या इंटल.कोलेटरला (क्रम लावणाऱ्या सोयीला) भाषा मराठी सांगा आणि निकाल डोळ्यांनी एकदा तपासा.

सेमीकोलन
कॉलम करताना कॅरेक्टर सेट (चिन्हं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ आहे ना ते बघा. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ ३ बाइटपर्यंतच जातं. देवनागरी त्यात व्यवस्थित बसते म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही, आणि मग कोणीतरी अभिप्रायात इमोजी टाकतं. स्ट्रिक्ट मोड (न बसणारा मजकूर नाकारायची सेटिंग) नसेल तर इमोजीपासून पुढचा सगळा अभिप्राय गायब होतो. मायएसक्यूएल ८.० पासून एमबी४ हेच आपोआप मिळतं, पण जुन्या टेबलांचं आपोआप बदलत नाही.

पायवाट
आणि मायएसक्यूएल सर्व्हर ५.६ किंवा त्याआधीचा असेल तर शोधरूपाच्या इंडेक्सला (शोध वेगवान करणाऱ्या सूचीला) ७६७ बाइटची मर्यादा लागते, एमबी४ मध्ये १९१ चिन्हं. २५५ चा कॉलम केला तर इंडेक्स बनवतानाच अडेल. ५.७ पासून ती ३०७२ बाइट झाली आहे.

रानवारा
सर्व्हर ८.० आहे, पण दोन टेबलं जुन्या डेटामधून आली आहेत आणि ती ‘यूटीएफ८’च निघाली. आज रात्री बॅकअप घेऊन बदलते. शोधरूपाचं फंक्शन तयार झालं की इथेच टाकीन, ज्याला हवं त्याने उचलावं.